प्राग राहिलं, यवत झालं

मॅगझिनच्या नोटिशीत ‘प्रवासवर्णन’ हा शब्द वाचला आणि आमच्या विंगमधल्या सगळ्या जणी एकदम माझ्या रूममेटकडे वळल्या. साहजिकच होतं. ती अख्खं एक सेमिस्टर जर्मनीत काढून आली होती. पण तिच्या पाच विषयांच्या जर्नल्स पूर्ण व्हायच्या होत्या. ती शांतपणे म्हणाली, “हिलाच लिहू द्या. ही पण फिरून आलीय की, यवतला!” सगळ्या हसल्या. मीही हसले. आणि रात्री मेसमधून परत आल्यावर खरोखरच वही काढली.

सुरुवातीलाच दोन कबुल्या देते. पहिली सोपी आहे. मी कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत मराठी म्हणजे आठवड्यातले तीन तास आणि परीक्षेत ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत माझी अजूनही गडबड होते. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सांभाळून घ्याव्यात.

दुसरी कबुली अवघड आहे. एक्स्चेंज प्रोग्रॅमसाठी आमच्या वर्गातून जी दोन नावं गेली होती, त्यात एक माझं होतं. अट एकच, बॅकलॉग नको. जुलैमध्ये सेकंड इयरचा निकाल लागला आणि फ्लुइड मेकॅनिक्समध्ये मी उडाले. ३१ मार्क! नाव कटलं. घरी काय सांगायचं? मी फोनवर म्हणाले, “यंदा त्यांनी एकच सीट ठेवली.” पप्पांना ते लगेच पटलं. नुसतं पटलं नाही, तर ‘माझ्या मुलीवर अन्याय झाला’ असं ते येईल त्या पाहुण्याला सांगू लागले. खोटं बोलायला एक मिनिट लागतं हो... पण तेच खोटं आपल्या वडिलांच्या तोंडून, इतक्या विश्वासाने, पुन्हा पुन्हा ऐकायचं म्हणजे काय असतं ते ज्याचं त्यालाच कळतं.

रूममेट ऑक्टोबरमध्ये गेली. डिसेंबरच्या सुट्टीत ती प्रागला जाऊन आली आणि माझा मोबाइल फोटोंनी भरून गेला. व्हल्टावा नदीवरचा चार्ल्स पूल, १३५७ साली पायाभरणी झालेला, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे. जुन्या टाउन हॉलवरचं १४१० सालचं घड्याळ, ज्याच्या खिडक्यांतून दर तासाला येशूचे बारा शिष्य डोकावून जातात. खाली तिचा मेसेज : ‘आज दिवसभर नुसती चालले. काही ठरवलं नव्हतं. गल्ली दिसली की शिरायचं. तू हवी होतीस यार.’

मी तेव्हा हॉस्टेलच्या कॉटवर, मांडीवर फ्लुइडचं पुस्तक घेऊन बसले होते. बॅकलॉगचा पेपर दोन दिवसांवर होता. खरं सांगते, त्या मेसेजचं मी उत्तरच दिलं नाही.

जानेवारीत संक्रांतीला जोडून सुट्टी आली. घरी जायला मन घेईना, म्हणून आजोळी गेले. यवतला. मंडळी, आपल्यापैकी बऱ्याच जणांनी यवत एसटीच्या खिडकीतून पाहिलं असेल. पुणे-सोलापूर रस्त्यावर, पुण्यापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, दौंड तालुक्यातलं गाव. मी मात्र दौंडच्या पॅसेंजरने गेले. पुण्याहून डिकसळपर्यंतचा हा रेल्वेमार्ग १८५८ साली सुरू झाला. म्हणजे आपण ज्याला ‘आडगावचं स्टेशन’ म्हणतो, त्या वाटेने दीडशेहून जास्त वर्षं गाड्या धावतायत! मी लहानपणापासून किती वेळा त्या स्टेशनावर उतरले असेन. पण उतरायचं, मामाच्या गाडीवर बसायचं, घरी जाऊन टीव्ही लावायचा आणि दोन दिवसांनी परत, असा माझा शिरस्ता. गावातून मी कधी चाललेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहालाच जाग आली. आबा, म्हणजे माझे आजोबा, अंगणात चुलीवरचं पाणी तापायची वाट बघत बसले होते.

“काय गं, एवढ्या लौकर?”

“आबा, मला आज चालायला जायचंय.”

“कुठं?”

“कुठंच नाही. नुसतं चालायचं. गाव बघत.”

आबांना काही उमगेना. “गाव काय बघायचं त्यात? गाव हायच की हितं.” मग जरा थांबून म्हणाले, “भुलेश्वराला जाऊ चल पायी. लई दिस झालं गेलो न्हाई. पर मी थांबत थांबत येणार. मला आता घाई जमत न्हाई.”

आबांचं वय ७४. भुलेश्वर आठ-दहा किलोमीटर, शिवाय शेवटी चढ. मामी नको नको म्हणत होती. आजीने मात्र काही न बोलता फडक्यात भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि संक्रांतीच्या उरलेल्या गूळपोळ्या बांधल्या. येताना मामाने गाडी घेऊन यायचं ठरलं.

पहिला थांबा काळभैरवनाथाचं देऊळ. माझी कल्पना होती की पाच मिनिटांत दर्शन घेऊन निघू. आबा तिथे अर्धा तास रमले. तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघाली की पुणे, लोणी काळभोर आणि मग यवत, असे मुक्काम. यवतचा मुक्काम याच देवळात. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली हा पालखी सोहळा सुरू केला. त्या रात्री गावात बेत ठरलेला असतो, पिठलं-भाकरी. पिठलं देवळात मोठाल्या कढयांत शिजतं आणि भाकऱ्या घराघरांतून येतात. आबा हाताने दाखवत होते, “हितं चूल. हितं कढई. त्या कोपऱ्यात भाकरीची रास. मी उलथनं मारायला असायचो. दुसऱ्या दिवशी दंड उचलायचा न्हाई.”

“तुम्ही कधी वारीला गेलात का हो पंढरपूरला?”

“नाय बा. वारी आमच्याकडंच येती की!”

मला प्रागच्या त्या घड्याळाची आठवण झाली. तिकडे लोक शिष्यांची मिरवणूक बघायला दर तासाला चौकात माना वर करून उभे राहतात. यवतचं घड्याळ वर्षातून एकदाच वाजतं, पण ते वाजतं तेव्हा बघत उभं राहायला कुणाला सवड नसते. सगळे पीठ मळत असतात.

देवळातून निघालो ते पेठेतून. आबांची चाल अशी की दर दहा पावलांवर कोणीतरी हाक मारायचं. “आबा, पाव्हणी कोण?” “लेकीची लेक. पुण्याला इंजिनेर व्हतीय.” हे वाक्य त्या सकाळी मी किमान पंधरा वेळा ऐकलं असेल. दर वेळी पोटात काहीतरी हलायचं. एका दुकानदार काकांनी तर विचारलंच, “हीच का ती, जर्मनीला चालली होती?” आबा म्हणाले, “हीच. पर जागा येकच निघाली म्हनं.” आणि माझ्याकडे बघून हसले. मी चपलेचा बंद नीट करायला खाली वाकले. माझ्या चपलेला बंदच नव्हता.

गावाबाहेर आलो आणि वास आला. गोड, थोडा जळका. जानेवारी म्हणजे या पट्ट्यात गुऱ्हाळांचा हंगाम. आम्ही आत शिरलो. तीन मोठ्या काहिलींत रस उकळत होता आणि भट्टीत वाळलेली चिपाडं सारली जात होती. म्हणजे ज्या उसाचा रस, त्याच उसाचं जळण! थर्मोडायनॅमिक्सच्या सरांना आवडलं असतं. गुळव्या उत्तर प्रदेशातला होता. त्याची मराठी माझ्यासारखी आणि आबांची हिंदी त्याच्याहून भारी. रसात भेंडीचं चिकट पाणी टाकलं की मळी वर येते ती झाऱ्याने काढायची, हे त्याने मला करून दाखवलं. पाक झाला की नाही हे तो कसं ओळखतो? थोडासा पाण्यात टाकायचा आणि बोटांनी गोळी करून बघायची. “थर्मामीटर नहीं लगता?” मी विचारलं. त्याने नुसती बोटं वर केली. गरम काकवीचा एक द्रोण पिऊन निघताना आबांनी तिथली दोन-तीन चिपाडं उचलून माझ्या हातात दिली. “घे. लागतील.” कशाला लागतील हे काही सांगितलं नाही.

भुलेश्वरच्या वाटेवर कालवा लागतो. नवा मुठा उजवा कालवा. खडकवासल्याहून निघतो आणि हवेली, दौंड ओलांडून इंदापूरपर्यंत जातो. आबा आयुष्यभर याच पाण्यामागे चालले. ते पाटकरी होते. कुठल्या चारीला किती पाणी सोडायचं, कुणाची पाळी कधी, शेवटच्या शेतापर्यंत पोचलं की नाही, हे सगळं बघत रोज कित्येक मैल पायी. आमच्या घरात याचा उल्लेख ‘आबा इरिगेशनमध्ये होते’ असा व्हायचा, आणि मी कधी पुढे विचारलंच नाही. त्या दिवशी कळलं की कालव्याचा प्रत्येक भाग त्यांना साखळी क्रमांकाने पाठ आहे. आपण सर्व्हेइंगमध्ये चेनेज चेनेज म्हणून घोकतो, तीच ही साखळी!

रब्बीचं आवर्तन चालू होतं. पाणी काठोकाठ, मातकट, बघायला एकदम जोरात. एक खंड्या तारेवर बसला होता. आबा काठावर उभे राहिले आणि त्यांनी तीस पावलं मोजली. “माझं पाऊल बरोब्बर सव्वादोन फुटांचं. तू तिकडं उभी ऱ्हा. मी चिपाड टाकतो, तुझ्यापाशी आलं की सांग.”

मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. चिपाड डुलत डुलत आलं. मी सेकंद सांगितले. आबांनी तोंडी भागाकार केला आणि म्हणाले, “ह्यातलं थोडं वजा करायचं. शंभरातलं पंधराक.”

मी उभीच राहिले. फ्लोट मेथड! गुणक ०.८५! गेल्या वर्षी पेपरात हाच प्रश्न होता. गुणक मला पाठ होता, पण तो का, ते माहीत नव्हतं, आणि ‘स्पष्ट करा’ला मी दोन ओळी काहीतरी ठोकून दिल्या होत्या.

“पण वजा का करायचं, आबा?”

“अगं, वरचं पानी खोटं बोलतं. वर जोर दिसतो, पर तळाला आन् काठाला ते घासतं, हळू असतं. नुसतं वर बघून हिशेब केला की शेवटच्या मानसाला पानी कमी पडतं.”

बस्, एवढंच. पुस्तकात हे दोन पानं आहे, सूत्रांसकट. मी त्या वेळी मोठ्या हुशारीने विश्वेश्वरय्यांचा विषय काढला. ते पुण्याच्याच कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले आणि १९०३ साली त्यांच्या आराखड्याची आपोआप उघडणारी दारं खडकवासल्याला बसली, वगैरे. आबा कौतुकाने ऐकत होते. पण माझं अर्धं लक्ष त्या पाण्याकडे होतं. वरचं पाणी खोटं बोलतं...

कालवा ओलांडला आणि दोन पावलांत जग बदललं. कालव्याच्या खालच्या अंगाला ऊस, वरच्या अंगाला ज्वारी, हरभरा आणि त्याही वर माळ. कुठे कुठे पाइपने उचलून नेलेल्या पाण्याचे हिरवे तुकडे. पाणी उताराने जातं हे पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं. पण त्या एका रेषेने कुणाच्या घरात ट्रॅक्टर येतो आणि कुणाचा मुलगा कंपनीत हेल्पर म्हणून लागतो, हे चालत गेल्याशिवाय दिसत नाही. एका बोरीखाली बसून आम्ही भाकरी खाल्ली, नंतर बोरं. आबांनी थोडी टोपीत घेतली, आजीसाठी.

भुलेश्वरला पोचेपर्यंत दुपार झाली. हे पुरंदर तालुक्यातलं, माळशिरस गावच्या हद्दीत. लांबून देऊळ वाटतच नाही, तटबंदीचा किल्ला वाटतो. आणि तो आहेच. सतराव्या शतकात आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने पुणं उद्ध्वस्त केलं आणि इथे दौलतमंगळ किल्ला बांधला. देऊळ त्याहून कितीतरी जुनं, यादवकाळातलं. आत शिरताना अंधाऱ्या, अरुंद पायऱ्या चढाव्या लागतात. बाहेरच्या उन्हातून आत पाऊल टाकलं की एकदम थंड, आणि काही क्षण काहीच दिसत नाही. मग हळूहळू भिंतींतून माणसं बाहेर येऊ लागतात. नाचणाऱ्या, लढणाऱ्या, हत्तीवर बसलेल्या. पुष्कळांचे हात नाहीत, नाकं नाहीत, तरी चाललंय आपलं त्यांचं! एका जागी आबांनी बोट दाखवलं. गणपती... पण बाईच्या रूपातला. वैनायकी म्हणतात तिला. तीस पुतळे ना पुलावर? मी इथे मोजायला घेतलं आणि सोडून दिलं.

बाहेर तटाजवळ सावलीला बसलो. खाली सगळं दिसत होतं. कालव्याची रेघ, तिच्या अलीकडे करडं, पलीकडे हिरवं, हायवेवरचे मुंगीएवढे ट्रक. आबा टोपीने वारा घेत होते. आणि मी सांगून टाकलं.

“आबा, जागा एक नव्हती. दोन होत्या. मी नापास झाले होते.”

आबांनी वारा घेणं थांबवलं. थोड्या वेळाने विचारलं, “किती पडले?”

“एकतीस.”

“किती लागतात?”

“चाळीस.”

“म्हंजी नऊ कमी.” ते बराच वेळ खाली बघत राहिले. “नऊ मार्कासाठी सहा म्हैने हे वझं वाहिलंस?”

मी रडले. लपवण्यात काय अर्थ! आबांनी डोक्यावरून हात वगैरे फिरवला नाही. त्यांनी खाली एका दिशेला बोट केलं.

“तिकडं टेलाला एक रान होतं. ऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट आसंल. एका रात्री मी पाळी बघायला गेलोच न्हाई. थंडी होती, ताप होता थोडा. सकाळी वहीत लिवलं, पानी पोचलं. पोचलं नव्हतं. वरच्यांनी मधीच फोडलं होतं. त्या मानसाचा गहू वाळला. त्यो माझ्याकडं आला, म्हनला आबा, पानी आलं न्हाई. मी म्हनलो, वहीत हाय बघ. तुझीच चारी फुटली आसंल.” आबा थांबले. “त्यो माझ्यावर इस्वास ठिवून सगळी चारी खोदत बसला. तीन दिस. पंधरा वर्सं झाली त्याला जाऊन. आता कुनाला सांगू?”

इतकी वर्षं मी आबांना ओळखते, असं मला वाटत होतं.

“तुझा बाप हाय अजून,” ते म्हणाले. “लाव फोन.”

गडावर रेंज होती. मी लावला. पप्पांना सगळं सांगितलं, एका दमात, वाक्यं जुळवत बसले नाही. पलीकडे इतका वेळ शांतता होती की फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा स्क्रीन पाहिला. मग ते म्हणाले, “मी लोकांना काय काय सांगितलं गं...” आणि फोन ठेवला.

इथे लेख संपवला असता तर तुम्हाला वाटलं असतं की मग सगळं छान झालं. तसं काही झालं नाही. पप्पा पुढचे तीन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलले. नंतर एक दिवस त्यांनी स्वतःहून विचारलं, “तो पेपर पुन्हा दिलास त्याचं काय झालं?” तेव्हा निकाल लागला होता. ४६. अभिमानाने सांगावेत असे मार्क नाहीत, पण मी घरी आकडा जसाच्या तसा सांगितला.

त्या संध्याकाळी मामा गाडी घेऊन आला. तिघं एका गाडीवर, म्हणजे ट्रॅफिकचे नियम... असो. घरी पोचल्यावर मोबाइलने १९ हजार पावलं दाखवली. मी तो स्क्रीनशॉट रूममेटला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘आज दिवसभर नुसती चालले. तू हवी होतीस.’ आणि मग जुलैपासूनचं सगळं तिलाही लिहिलं. बॅकलॉगचं तिला ठाऊक होतं. पण तिच्या फोटोंवर मी गप्प का होते, ते ठाऊक नव्हतं.

ती मार्चमध्ये परत आली. एका रविवारी तिला यवतला घेऊन गेले. आजीने पिठलं-भाकरी केली. जेवण झाल्यावर रूममेटने मोठ्या उत्साहाने आबांना फोटो दाखवले. पूल, पुतळे, घड्याळ, बर्फ. आबांनी चष्मा वर-खाली करत प्रत्येक फोटो नीट पाहिला. पुलाच्या फोटोवर मात्र थांबले.

“ह्या नदीला जोर किती हाय गं?”

ती गोंधळली. “पाहिलं नाही, आबा. फोटो काढत होते.”

“आसूं दे,” आबा म्हणाले. “फुडच्या टायमाला जाशील तवा दोघी जावा. चिपाड मी देतो.”